वरणाचा तळ वाजतो तेव्हा

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप शिवदासराव यांना धाकटा साडू दत्ताराम याचा वाकून नमस्कार. प्रेमाताईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमची साखर काय म्हणते? (तुमच्या वरणात असते तेवढी रक्तात नसावी, एवढीच देवाकडे मागणी.) फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मधे बोलता, आणि मला हे सलग सांगायचं आहे.

आधी बरी बातमी. रुचिराच्या लग्नाची तयारी जोरात आहे, हॉल ठरला, जेवण अर्थातच आपलं घरचं, आणि मी ठणठणीत आहे. मधे जरा स्वप्नांचं दुखणं झालं होतं, ते मी एकही गोळी न घेता स्वतःच्या हिमतीवर पळवून लावलं. कसं, ते आपल्या केटरिंगच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असावं म्हणून लिहितो. उद्या तुमच्यावरही वेळ येईल.

स्वप्न एकच, पण ठरलेल्या गिऱ्हाइकासारखं पुन्हा पुन्हा येणारं. पहाटे भाजीबाजार गाठणाऱ्याची खरी झोप दुपारची, म्हणून तेही दुपारीच यायचं. रुचिराचं लग्न. मी कद नेसून, उपाशीपोटी, कन्यादानाला पाटावर बसलेला. माझ्या हातात रुचिराचा हात, सुगंधा पाणी सोडतेय, भटजी मंत्र म्हणतायत. पलीकडे पहिली पंगत बसलीय. आणि भिंतीआडून, भटारखान्यातून, आवाज येतो. वरणाच्या टोपाच्या तळाला ओगराळं घासल्याचा. खर्र. माझे कान तुम्ही जाणता. ओगराळं कसं वाजतं त्यावरून बाहेर उभा राहून आत किती पानांचं उरलंय ते मी सांगतो, आणि ह्या कानांच्या जोरावरच मुलुंडमध्ये उभा राहिलो. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी मला पंगतीत पाणी वाढायला धाडलं, तेव्हापासून तो आवाज आला की माझे पाय आपोआप निघतात. स्वप्नातही निघायचे. हात सुटायचा. धावत आत जाऊन बघतो तर टोप काठोकाठ भरलेला, वरून तुपाची धार. परत येतो तर हॉल रिकामा, बाया पत्रावळी गोळा करतायत, आणि रुचिरा सासरी गेलेली. मी घामाने ओला होऊन उठायचो आणि सुगंधाला विचारायचो, रुचिरा कुठाय? ती सांगायची, ऑफिसात, पवईला.

(तुमच्या सुयोगच्या लग्नात अंतरपाट दूर झाला त्या फोटोत तुमची जागा रिकामी आहे. तुम्ही तेव्हा जिलेबीच्या पाकाला तार येते का ते बघत होतात. आत तुमची चाललेली धावपळ मला बाहेर स्वच्छ ऐकू येत होती, पण बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या भटारखान्यात पाय टाकायचा नाही हा आपल्या लायनीतला नियम, म्हणून मठ्ठा पीत बसलो. हा टोमणा नाही. पूर्वी मारायचो.)

उपाय सगळे झाले. सुगंधाने उशीखाली अडकित्ता ठेवला. स्वप्न तसंच आलं, वर कानशिलावर अडकित्त्याचा छाप. शेजारच्या वसुधावहिनींनी जायफळ घातलेलं दूध धाडलं. जायफळ जुनं होतं (मी नुसता वास घेतला, त्या समजल्या). आपलं चांगलं जायफळ उगाळून घेतलं तर श्रीखंडासारखा घट्ट झोपलो आणि स्वप्न नेहमीपेक्षा लांब पडलं. आमचे डॉक्टर गोळी लिहून द्यायला तयार होते, फक्त सकाळी डोकं जरा जड राहील म्हणाले. जड डोक्याने मी टोप कसा ऐकणार? शेवटी रुचिराने मला पार्ल्याला तिच्या ओळखीच्या गार्गी म्हणून समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. रुचिराच्याच वयाची पोर, पण ऐकते छान. मधे बोलत नाही. (शिकण्यासारखं आहे.)

तिचं म्हणणं असं, की तेच ते वाईट स्वप्न ही मनाला लागलेली सवय असते, आणि बऱ्याच जणांची ती गोळीशिवाय सुटते. जागेपणी स्वप्न आठवायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि ते नवं स्वप्न रोज थोडा वेळ डोळे मिटून मनात चालवायचं. म्हटलं, हे तर मेनू बदलण्यासारखं झालं, ह्यात आपला हात कोण धरणार? घरी येताच कामाला लागलो. पहिला बदल साधा. वरण वाढवलं. मनातल्या मनात डाळ दुप्पट भिजवली, मोठा टोप काढला, ओळीने तीन चुली पेटवल्या. त्या दुपारी स्वप्नात शेजारच्या हॉलमधलं लग्नही आमच्या पंगतीला येऊन बसलं, कारण दत्तारामकडे वरण भरपूर आहे अशी बातमी फुटली होती. मग दुसऱ्या टोकाला गेलो आणि जेवणच कापलं. नोंदणी विवाह, वर पेढा. तर स्वप्नातले रजिस्ट्रारसाहेब वाटी पुढे करून बसले. तिसऱ्या वेळी भटारखाना नंदूच्या ताब्यात दिला. नंदू आमचा मुख्य आचारी, हाताला चव आहे, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्याला मीठसुद्धा ओळखू येत नाही. स्वप्नात त्याने ऐन कन्यादानात मोबाईल केला आणि विचारलं, शेठ, वरणाचं काय करू?

मला वाटलं, सरावात कसूर होतेय. म्हणून मग तालीम मनात न करता घरच्या हॉलमध्येच घेतली. कद नेसलो, पाट मांडले, सुगंधाला शेजारी बसवलं (ती शेंगा निवडत होती, तशीच बसली), आणि रुचिरा कामावर गेलेली, म्हणून तिच्या जागी शेवग्याची शेंग हातात धरली. दार उघडं होतं. गॅसचा मीटर बघायला माणूस आला, त्याने आम्हाला बघितलं, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि मीटर न बघताच गेला. बिल अंदाजाने आलंय.

दुसऱ्या खेपेला गार्गीबाईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण पदराआड हसल्यासारखं. म्हणाल्या, "काका, तुम्ही स्वप्नातसुद्धा ऑर्डर घेताय. लोकांना काय पाहिजे ते बदलू नका. तुम्हाला काय पाहिजे?"

शिवदासराव, एवढी वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारतोय, जिलेबी हवी की बासुंदी, अळूची भाजी की वालाची उसळ. मला कोणी विचारला नव्हता. म्हटलं, मला बसायचं आहे. रुचिराचा हात हातात असताना दुसरं काही ऐकायचं नाही. त्या म्हणाल्या, मग कान कोणाच्या हवाली कराल?

घरी येऊन चौथा बदल केला. ह्या खेपेला वरण वाढवलं नाही, पाहुणे कापले नाहीत, आवाजसुद्धा ठेवला. तळ वाजतो, खर्र. माझे पाय निघणार, इतक्यात भिंतीआडून एका भरवशाच्या माणसाचा (नाव महत्त्वाचं नाही) खास मालवणी आवाज येतो, "दत्ताराम, गप बस. दुसरो टोप चुलीर आसा." बस, एवढंच. मी हलत नाही. रुचिराने माझा अंगठा घट्ट धरलाय हे मला पहिल्यांदाच कळतं. आधीच्या एकाही स्वप्नात ते कळलं नव्हतं.

हे रोज दुपारी पडल्यापडल्या मनात चालवलं, आणि स्वप्न हळूहळू विरळ होऊन गेलं. आता झकास झोपतो. सुगंधा म्हणते मी घोरतो. तात्पर्य, माणसाने हिंमत धरली तर त्याला कोणाची गरज लागत नाही.

प्रेमाताईंना नमस्कार, सुयोगला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

आपला,
दत्ताराम

ता. क. पत्रिका घेऊन रविवारी आम्ही दोघं बोरिवलीला येतो. जेवायला काही करू नका. (सुरमई मिळाली तर गोष्ट वेगळी.)

ता. क. २. नाव महत्त्वाचं नाही असं वर लिहिलं, ते सुगंधाने वाचलं आणि म्हणाली, मग पत्र कशाला लिहिलंत? तर तो आवाज तुमचा आहे. मी दुसरे पुष्कळ आवाज घालून बघितले, पाय थांबत नाहीत. लग्नाच्या दिवशी माझ्या भटारखान्यात तुम्ही उभे राहाल का? नंदू तुमच्या हाताखाली. हे रीतसर बोलावणं समजा. मानाच्या पाहुण्याला चुलीपाशी उभं करतोय, मला कळतं. कन्यादान झालं की तुम्ही पानावर बसायचं, मी स्वतः वाढणार.

ता. क. ३. स्वप्न गेलं हे खरं, पण काल पत्र लिहायचं ठरवलं आणि ते पुन्हा आलं. त्यात तुम्ही नाही म्हणालात. तेव्हा उत्तर पत्राने नको, फोन करा. मधे बोललात तरी चालेल.

ता. क. ४. वरणात गूळ घालणं हा गुन्हा आहे, असं मी तुमच्या तोंडावर आणि पाठीमागे पंगती-पंगतीत सांगत आलो. त्या दिवशी खुशाल घाला. तुमच्या हाताने, तुमच्या मनाप्रमाणे. मी बसलेला असेन.

ता. क. ५. खडा सुपारीएवढाच.