उपदेश चालू असताना उभं राहायचं नसतं

भाऊ, परवा जेवताना आई एकदम हसायला लागली. घास हातात तसाच, डोळ्यांत पाणी. मी घाबरले, म्हटलं ठसका लागला. तर म्हणाली, "काही नाही गं, ते पाळकसाहेब आपल्या ओट्यावर सदरा काढून बसले होते ते आठवलं." मग मीही हसले. धुळ्याच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी म्हाताऱ्या (मलाही आता म्हातारी म्हणायला हरकत नाही) भरताचं ताट पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ हसत होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, हसताना जेवू नका, श्वासनलिकेत जातं. म्हणून तुम्हाला लिहावंसं वाटलं.

सगळं गाव तुम्हाला भाऊ म्हणायचं, म्हणून मीही बाबा न म्हणता भाऊच म्हणायचे. तुम्ही मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे, बाकीचे सहा दिवस गावाचे डॉक्टर तुम्हीच. पारोळ्यापर्यंतच्या खेड्यांतले कुष्ठरोगी गोळ्यांसाठी तुमच्याकडे यायचे आणि त्यांच्यातले सात-आठ जण दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे. घंटा वाजवणारे आबा त्यांच्यातलेच. त्यांचा रोग कधीच बरा झाला होता, पण बोटं गेली ती गेली. दोरी मनगटाला गुंडाळून ते घंटा वाजवायचे आणि ठोका असा नेमका पडायचा की शेजारचे किराणावाले शेठ त्यावर घड्याळ लावायचे.

आणि मग चर्चला नवीन पाळकसाहेब आले. वय कोवळं, शिक्षण ताजं, आवाज मोठा. दुसऱ्याच रविवारी त्यांनी उपदेशाला विषय घेतला कुष्ठरोग. मी अकरा वर्षांची, आईच्या मांडीला टेकून पेंगत होते. पाळकसाहेब सांगतायत, पाप हे कुष्ठरोगासारखं आहे. आधी एक लहानसा चट्टा येतो. तो दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. मग तो पसरतो, माणूस बधिर होतो आणि शेवटी, शास्त्रात लिहिलंय तसं, त्याला छावणीबाहेर जावं लागतं. मंडळी माना डोलावतेय. तेवढ्यात आपल्या बाकाची फळी करकरली. डोळे उघडून बघते तर तुम्ही उभे.

"पाळकसाहेब, एक मिनिट. चुकीची माहिती जातेय."

आईने तुमच्या सदऱ्याचं टोक धरून ओढायला सुरुवात केली. तुम्ही आपले सांगताय, "चट्टा म्हणजे कुष्ठरोगच असं नाही. गजकर्ण असू शकतं. आणि कुष्ठरोग असला तरी गोळ्यांनी बरा होतो. छावणीबाहेर जायची गरज नाही, दवाखान्यात यायचं. सकाळी नऊ ते एक."

"भाऊ, हे रूपक आहे," पाळकसाहेब म्हणाले. चेहरा बिटासारखा लाल.

"असू द्या की रूपक. पण मागच्या बाकावर बसलेत ती माणसं आहेत."

आईने एवढ्या जोरात ओढलं की सदऱ्याची शिवण उसवली आणि तुम्ही बसलात. घरी आल्यावर तिने चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता तुम्हाला झापलं, ते माझ्या अजून कानात आहे. "चर्चमध्ये उभं राहायचं ते गाण्याला. उपदेशाला लोक झोपतात, तुम्हीही झोपा!" तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "आबांचा चेहरा बघितलास का?" आईने पुढची भाकरी एवढ्या जोरात थापली की ती पापडासारखी पातळ आली.

पुढचे चार-पाच रविवार म्हणजे नुसती धमाल होती, भाऊ. पाळकसाहेबांनी सावध होऊन लकवा झालेल्या माणसाची गोष्ट घेतली. पापाने माणूस कसा खिळून पडतो, वगैरे. तुम्ही उभे. "रक्तदाब तपासून घ्या सगळ्यांनी." आंधळ्याची गोष्ट घेतली. तुम्ही उभे. "मोतीबिंदू असू शकतो. जळगावला शिबिर आहे, नावं माझ्याकडे द्या." त्या दिवशी अकरा नावं आली आणि मोतीबिंदू खरंच निघाले पाच. मंडळी वाढायला लागली. एरवी नाताळशिवाय न फिरकणारे लोक पहिल्या बाकासाठी लवकर येऊ लागले. शेठ तर सोमवारी मी साखर आणायला गेले की विचारायचे, "काय बेटा, काल कोणता आजार होता?"

हसत नव्हते ते फक्त मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पंच. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि सांगितलं की पुन्हा उपदेशात तोंड उघडलंत तर प्रभुभोजनाच्या विधीला बसू देणार नाही, आणि मिशनच्या नोकरीचंही बघावं लागेल. नोकरी म्हणजे आपलं घर, माझी शाळा, सगळंच. पुढच्या रविवारी तुम्ही दोन्ही ओठ आत ओढून बसलात. पाळकसाहेब तापाबद्दल बोलत होते आणि तुम्ही आतल्या आत एवढे फुगत होता की आई तुम्हाला हातपंख्याने वारा घालत होती.

पण आबा कुठे होते? त्या कुष्ठरोगाच्या उपदेशानंतर ते आलेच नव्हते. घंटा आता चर्च झाडणाऱ्या मावशी वाजवायच्या, आणि त्यांच्या ठोक्यांनी भक्ती सुरू झाली की आग लागली ते कळायचं नाही. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून आबांच्या घरी नेलंत. सोबत त्यांच्या हातांवरच्या जखमांचं मलम होतं. आबा खाटेवर बसलेले. तुम्ही म्हणालात, "आबा, तो पोरगा आहे. शिकला ते बोलतो. मनावर घेऊ नका." आबांनी आपले हात पुढे केले, मलम लावायला, आणि म्हणाले, "भाऊ, बोटं मरी गयात. पन कान जित्ता शेतस ना."

परतताना तुम्ही "कान जिवंत आहेत" एवढंच दोनदा पुटपुटलात. एरवी दांडीवर बसलं की रस्त्यातल्या प्रत्येक झाडाचा औषधी उपयोग ऐकावा लागायचा.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, पाळकसाहेब आपल्या ओट्यावर. मी शेंगा फोडत बसलेली. ते इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "भाऊ, जरा खासगी होतं." तुम्ही म्हणालात, "बोला. पोरगी शेंगा फोडतेय, तिला ऐकू येत नाही." मला सगळं ऐकू येत होतं. पाळकसाहेबांनी सदरा काढला. पाठीवर, खांद्यापाशी, फिकट पांढरे डाग. खाली बसले आणि रडायलाच लागले हो ते. एवढा मोठा आवाजवाला माणूस! म्हणाले, ही मला शिक्षा आहे. तो कुष्ठरोगाचा उपदेश माझा नव्हताच. सोबत शिकणाऱ्या एकाच्या वहीतून उतरवला होता. लकव्याचाही. तापाचाही.

"पाळकसाहेब, पापाची नावं मला नकोत. ती तुमच्यात आणि देवात राहू द्या. डोळे मिटा आणि कापूस कुठे लागतोय तेवढं सांगा."

कुष्ठाच्या डागाला स्पर्श कळत नाही, म्हणून कापसाची बारीक वात करून तुम्ही डागांवर टेकवत गेलात. "इथे." "लागलं." "इथे?" "लागलं." "आता?" "भाऊ, गुदगुल्या होतायत." आत दाराआड आईचा पदर तोंडात. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्याने सगळी पाठ तपासली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तपासली असं मला आज वाटतं, आणि मग म्हणालात, "शिबं आहे. घामाने होतं. गुरुवारी डॉक्टरांना दाखवून घ्या, पण ते वेगळं काही सांगणार नाहीत."

पाळकसाहेबांनी तुमचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तुम्ही कागद घेतलात आणि दवाखान्यात लिहायचात तसं लिहून दिलंत. एक, मलम, दिवसातून दोनदा. दोन, टॉवेल स्वतःचा वापरणे. तीन, आबांच्या घरी जाणे, एकदा, त्यांच्या कपातून चहा घेणे, पूर्ण.

ते गेले हो, भाऊ. आबांनी नंतर स्वतः सांगितलं. पोरगं आलं, उंबऱ्यात उभं राहिलं, चुकलं म्हणालं, आणि चहा एवढ्या घाईत प्यायलं की जीभ भाजली. आबांनी त्याला दुसरा कप दिला, बशीत ओतून.

पुढच्या रविवारी घंटा नेमकी वाजली. पाळकसाहेबांनी जन्मांध माणसाची गोष्ट घेतली. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आणि प्रभू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. उपदेश लहान होता, अडखळत केलेला, वहीतला नव्हता हे मलाही कळलं. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. सगळ्या मंडळीने पाहिलं. मंडळीच्या त्या पंचांनी तर माना लांब करून पाहिलं. तुम्ही हाताची घडी घालून बसलेले. बसल्या जागेवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बरोबर आहे. पुढे चालू द्या."

एवढं सगळं परवा आठवलं. आणि मग हसू थांबल्यावर तुमचं शेवटचं वर्ष आठवलं, ते आईला मी बोलले नाही. साखरेच्या आजाराने तुमचे पाय गेले होते, नजर गेली होती, आणि जळगावच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही एकदा मला जवळ बोलावलंत. ज्या माणसाने भर चर्चमध्ये उभं राहून हेच खोडून काढलं, तो माणूस मला विचारत होता, "मी काय पाप केलं होतं गं?" मला तुमचंच उत्तर तुम्हाला द्यायचं होतं, की आजार म्हणजे पापाची शिक्षा नाही. पण तोंडून निघालं, "जिलेबी खाल्लीत, भाऊ." तुम्ही हसलात. खाट हलेपर्यंत हसलात. सिस्टर धावत आली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून ते वहीतच राहील. आईला वाचून दाखवायचा विचार होता, पण तोही आता नाही. कारण त्या जिलेब्यांवरून आईने तुम्हाला किती बोल लावले. कोणाकडून मागवता, जिभेवर ताबा नाही, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकदाही नाव सांगितलं नाहीत. भाऊ, तुम्ही कधीच मागितल्या नव्हत्या. मीच आणायचे, पर्समध्ये लपवून, कारण तुम्ही बोटं चाटताना पाहिलं की मला बरं वाटायचं.