तळहातावरचा नारळ

१६ एप्रिल, सकाळी सात
आजपासून वही. कुणी वाचणार नाही, म्हणून खरं तेवढंच लिहायचं. अक्षर वाकडं येतंय. पेन भिकार. एके काळी फळ्यावरचं माझं अक्षर बघायला शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी यायची. तास मराठीचा, विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले की विज्ञानही मीच शिकवायचो, तालात. चिमणीसुद्धा ओरडायची नाही.

१७ एप्रिल
कॉलनीत पाचव्या दिवशी पाणी, धार करंगळीएवढी. आता एक बोअर मंजूर झालाय. एकच. भूजलवाले मशीन लावून ओढ्याकडच्या कोपऱ्यात जागा लिहून देऊन गेले. सरळ काम. पण शहाजीला पाणाड्याच हवा! तळहातावर आडवा नारळ घेऊन फिरायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी. हा शहाजी माझाच विद्यार्थी. सहामाहीत 'पाऊस कसा पडतो?' याला उत्तर लिहिलं होतं, 'देवाच्या कृपेने'. मी शून्य दिलं. आज चौकाचौकात फ्लेक्सवर गॉगल लावून उभा आहे. 'भावी नगरसेवक'!

१८ एप्रिल
ठरलं. रविवारच्या बैठकीत या ढोंगाचा निकाल लावायचा. भाषणाच्या सुरुवातीला स्वरचित ओळी:
विज्ञानाचा दिवा घेउनी सत्य उभे दारात,
डोळे मिटुनी बसली जनता अपुल्याच अंधारात!
यशोदेला वाचून दाखवल्या. म्हणाली, अहो, कागद किती हलतोय, डॉक्टरांना हात दाखवा की एकदा. म्हटलं, पंखा पाचवर आहे. म्हणाली, लाइट जाऊन अर्धा तास झाला. हिला मुद्दा सोडून बोलायची सवयच आहे.

१९ एप्रिल
चहा सांडला. हल्लीच्या बशा उथळ. माणसांसारख्याच.
समोरच्या केराबाईंना भूजलचा अहवाल समजावला, पाऊण तास. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मशिनीला काय कळतंय हो गुर्जी, मशीन कुटं पानी पिती? असल्यांची मतं मोजून राज्य चालतं.

२० एप्रिल, रविवार
बैठक. दुसऱ्या ओळीला माइक शिट्टी मारू लागला. शहाजी म्हणाला, लई भारी बोलला सर, आता चहा घेऊ. मग मी हुकमी पान काढलं: प्रयोग. पाणाड्या सिद्धाप्पा, अक्कलकोटकडचा. त्याच्या हातातून नारळ घेतला आणि जाहीर केलं, की सुशिक्षित हातावर हा दगडासारखा पडून राहील, बघा. सिद्धाप्पा म्हणाला, हात सैल सोडा गुरुजी. सोडला.
नारळ थरथरला. डुलला. उभा राहिला.
शिट्ट्या! केराबाई ओरडल्या, आगं बाई, गुर्जींच्या हातात लई पावर हाय की! तीस वर्षांत असा जोर बघितला नाही म्हणत सिद्धाप्पानं माझे पाय धरले. शहाजीनं माझ्या चपलेजवळच झेंडी रोवली. शाल, फोटो.
वारा होता. नक्की होता.

२१ एप्रिल
कोपऱ्यावर फ्लेक्स: 'विज्ञाननिष्ठ गुरुजींच्या हस्ते जलशोध'. हलकटपणा! फोटो मात्र चांगला आलाय.
संकल्प: उद्या बोअरची गाडी सुरू होण्याआधी माइकवर एकच वाक्य, की नारळात काही नाही, माझा हात थरथरतो, ओढ्याकडे खणा. यशोदा म्हणाली, एवढं बोललात तरी गल्लीला पाणी लागेल. आरशासमोर तालीम केली. 'माझा हात' इथपर्यंत छान जमलं.

२२ एप्रिल
गाडी आली. बायका घागरी घासून रांगेत. शहाजीनं माइक दिला, सर, दोन शब्द. सगळी कॉलनी गप्प. वर्ग गप्प व्हायचा तशी. 'माझा हात' म्हणालो आणि टाळ्या पडल्या. मग त्याच दोन ओळी म्हटल्या. पुन्हा टाळ्या. यशोदा उठून घरी गेली.
तीनशे फुटांवर फुफाटा. पाचशेवरही फुफाटाच. सगळ्यांची तोंडं पांढरी. शहाजीनं माइक ओढला, जागा सरांनी दाखवली हाय, गुरूच्या शब्दाभाईर मी कसा जाणार? वा रे शिष्य! विज्ञानात शून्य दिलं तेव्हाच ओळखलं होतं, हा राजकारणात जाणार.
केराबाई पदरानं घागर पुसत होत्या.

२३ एप्रिल
टँकर. यशोदा बोलत नाही, म्हणून बादली मीच आणली. निम्मं पाणी माझ्याच धोतरावर. केराबाईंनी बादली हातातून घेतली. म्हणाल्या, गुर्जी, हात हलतोय की वो तुमचा. कवापास्नं?
म्हटलं, रविवारपासून. त्या नारळामुळं.
त्यांना लगेच पटलं. नीट विचार केला, तर मलाही पटतंय.