भुसावळपर्यंतचा टी.सी.

लीड्स, १० ऑक्टोबर १९५४, रविवार
तिसरा आठवडा. अजून दुकानात ब्रेड मागायचा तर आधी मनात वाक्य जुळवते. तोवर मागचा माणूस पुढं सरकतो. घरमालकीण मिसेस हॉब्ज भली बाई. जेवताना रोज विचारते, "जमतंय ना?" मी हो म्हणते. बुऱ्हाणपूरला साठ पोरींचा वर्ग आवाज न चढवता गप्प करायचे. इथं मीठ मागायला तोंड उघडत नाही. आज बटाटे अळणीच खाल्ले.

१५ ऑक्टो., शुक्र.
पहिला निबंध परत. मिस एल्डन माझ्या गाइड. चौदा पानं लिहिली होती, सगळे आधार देऊन. खाली त्यांची पेन्सिलीनं एक ओळ: हे इतरांचं झालं, तुमचं म्हणणं काय?
असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. शिक्षकांच्या बी.टी. परीक्षेला पहिली आले ती पाठांतरावर, हे इथं येऊन कळलं.
सेमिनारला सहा जण. एकमेकांना तोडून बोलतात, हसतात. मी दोन तास वहीकडं बघत. मिस ए. नी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. दया केली. त्याचं जास्त लागलं.

२७ ऑक्टो.
दिवाळी आज की काल, कॅलेंडर नाही. नानांना लिहिलं: मजेत आहे, दोन मैत्रिणी झाल्या. दोन्ही खोटं. नाना पत्र मायला वाचून दाखवणार. तिला अक्षर येत नाही, त्यामुळं माझं सगळं तिच्यापर्यंत नानांच्या आवाजात जातं.

५ नोव्हें.
मिसेस हॉ. च्या चर्चमधल्या बायकांचं मंडळ आहे. 'भारतावर पंधरा मिनिटं बोल' म्हणाली. नाही म्हणायला इंग्रजी सुचलं नाही.

१२ नोव्हें., शुक्र.
झालं भाषण. नवा देश, नव्या शाळा, मुलींचं शिक्षण, सगळं लिहून नेलं होतं. कोणी ऐकेना. पुढची म्हातारी विणत होती. मध्येच माझी ओळ सुटली, सापडेना. हॉलमध्ये शांतता. 
मग कसं कोण जाणे, मायची गोष्ट तोंडून निघाली. बुऱ्हाणपूर स्टेशनवर मला पोचवायला आली तेव्हा मायनं टी.सी.ची बाही धरली होती. "भाऊ, पोरीले विलायतेले नीट उतरवून दे. खिडकीपाशी बसव." ते सांगितलं. विणणारीच्या सुया थांबल्या. हसली. मग सगळ्या हसल्या. मी पदर डोक्यावर ओढला, हात जोडले, मायसारखं वाकून पुन्हा केलं. आणखी हसल्या. शेवटी म्हटलं, तिला वाटतं भुसावळच्या पुढचं स्टेशन म्हणजे इंग्लंड.
हे ती कधी म्हणाली नव्हती. मी जोडलं.
चहाला पाच-सहा बायका आपणहून माझ्याशी बोलायला आल्या. घरी येताना चालत नव्हते, तरंगत होते.
पदराचं नको होतं. पण हसल्या.

१९ नोव्हें.
इथल्या पेपरात आलं. पदर डोक्यावर घेतलेला फोटो (हॉलमध्ये कोणी काढला, कळलंही नव्हतं), वर मोठ्या अक्षरात 'पुढचं स्टेशन इंग्लंड'. मिसेस हॉ. नी तीन प्रती आणल्या. "तुझ्या आईला केवढा अभिमान वाटेल." मी हो म्हटलं.
सेमिनारमध्ये एकानं वाचलं होतं. सांग म्हणाला. सांगितलं. मिस एल्डनसुद्धा हसल्या. त्यानंतर शाळा-तपासणीवर वाद निघाला त्यात मी बोलले, दोनदा. लोकांनी ऐकून घेतलं.
मायला हसवून मिळवलेली जागा. मायला नव्हे, मायवर. इथं व्याकरण बरोबर लिहावं.

२६ नोव्हें.
नाश्त्याला मिसेस हॉ. भारी खुशीत. एक प्रत तिनं मागच्याच आठवड्यात विमान-टपालानं बुऱ्हाणपूरला पाठवली. पत्ता माझ्याकडं आलेल्या पत्राच्या पाठीवरून घेतला. मला आधी सांगितलं नाही, गंमत म्हणून.
 थँक यू म्हटलं.
तार करावी? काय लिहू? 'वाचू नका'? नाना इंग्रजीचे मास्तर. मग तर दोनदा वाचतील.

११ डिसें., शनि.
नानांचं पत्र. पुढं माझ्या सोयीनं आठवू नये म्हणून उतरवून ठेवते.
"चि. शालूस आशीर्वाद. पेपर मिळाला. फोटो पाहून गल्लीतल्या बायका जमल्या. तुझी माय म्हणाली, मोठ्यानं वाचा. मी वाचत मराठी करत गेलो. टी.सी.पाशी थांबलो. ती म्हणाली, 'वाचा ना पुढं.' मग शेवटपर्यंत वाचलं. बायका हसल्या. तीही हसली. मग चहा ठेवायला आत गेली. बाकी क्षेम. अभ्यास नीट करावा."
रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ डिसें.
सेमिनारला गेले नाही. डोकं दुखतं असा निरोप दिला.

१८ डिसें., शनि.
मायचं पत्र. अक्षर नानांचं, शब्द तिचे. नानांनी एक शब्द शुद्ध केला नाही.
"शालू, तू टेसनावर तोंड फिरवून रडून राहिली होतीस. तुझ्या नानाले दिसलं नाही, मले दिसलं. म्हटलं, ही अशीच गेली तं सारी वाट रडंन. म्हून मी त्या टी.सी.ले तसं म्हटलं. तो भुसावळले उतरते हे मले ठाव नाही काय? माझं माहेर भुसावळचं. तू हसलीस. गाडी हलली तवा बी हसत होतीस. माझं काम झालं. तिथल्या बायका बी हसल्या म्हनतात, चांगलं झालं. थंडी हाय तं कानाले बांधत जा."
आजोळ भुसावळचं. लहानपणी दर उन्हाळ्यात मायचं बोट धरून त्याच गाडीनं गेले. तिकिटं ती काढायची, डबाही तीच शोधायची. हे मला ठाऊक होतं. हॉलमध्ये उभी राहून बोलले तेव्हाही ठाऊक होतं.

२० डिसें., सोम.
मिसेस हॉ. म्हणाली, पलीकडच्या चर्चच्या मंडळाला जानेवारीत मी हवी आहे. टी.सी.ची गोष्ट नक्की सांगायची, त्यांनी मुद्दाम कळवलंय.
मी तिला खरं काय ते सांगितलं. अडखळत, पण पूर्ण. तिनं चमचा खाली ठेवला.
"म्हणजे आई तुला हसवत होती."
"हो."
"आणि तू हसलीस."
"हसले. पण मला वाटलं तिला कळत नाही. म्हणून हसले."
मोठ्यानं म्हटलं तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. म्हणजे हे मायवर हसणं त्या हॉलमध्ये सुरू झालं नाही. गाडीतच, खिडकीशी बसून, माझं सुरू होतं.
मिसेस हॉ. उठली. मग कपबशा उचलत म्हणाली, "त्यांना नोटीस छापायचीय. येणार की नाही ते कळव." कळवलेलं नाही. खरी गोष्ट सांगितली तर कोणी हसणार नाही. ती शांतता मला सोसेल का, माहीत नाही.
पत्र लिहायला घेतलंय. 'ती. मायला सा. न.' इतकं झालं. पुढं जे लिहायचं ते नानाच वाचणार, मोठ्यानं. तेव्हा ओसरीवर आणखी कोण बसलेलं असेल, ते इथून दिसत नाही.