दोन कार्डांमधली हवा

मी, रोहिणी बळीराम घरत, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या घराण्यात मात्र दाखल्यापेक्षा जेवणाच्या पंगतीत काय बोलले गेले याला जास्त मान असतो, म्हणून दुसरा पुरावा कलम दोनमध्ये देते. तो कोणीही वाचल्याशिवाय पुढच्या कलमांवर उडी मारू नये.

१. मृत्युपत्राचे कारण. माझे बंधू कै. काशिराम यांचा मुलगा निकेश हा बिल्डर आहे. गेल्या गौरीच्या जेवणाला त्याने पंचवीस माणसांसमोर सांगितले, "आत्याला आता समजत नाय. दिवसभर त्या डब्याचा ताप मोजत बसते. घराचे कागद माझ्याकडे द्या, मी बघतो." मी त्याच्या समोरच बसले होते. मला सोडून तो सगळ्यांशी माझ्याविषयी बोलला. माझ्या सहीसाठी कुलमुखत्यारपत्र त्याने आधीच टाइप करून आणले होते. त्यात माझे वय एकाहत्तर लिहिले होते. मी सही केली नाही, आणि भातही अर्धा टाकला.

२. बुद्धीचा पुरावा. "डबा" म्हणजे माझा गेमिंग कॉम्प्युटर. निवृत्तीनंतर विमान उडवण्याच्या खेळासाठी तो मी मुद्दाम जुळवून घेतला. तीन स्क्रीन हव्या होत्या म्हणून त्यात दोन ग्राफिक्स कार्डे, एकाखाली एक. मार्चपासून तो दगा देऊ लागला. उड्डाण छान व्हायचे, कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला दिसायचा, आणि नेमके उतरताना तिन्ही स्क्रीन काळ्या. वरचे कार्ड त्र्याण्णव अंशांवर, खालचे चौऱ्याहत्तरवर. दुकानदाराने आधी पॉवर सप्लाय बदलायला लावला, मग कार्ड मेले म्हणून हात झटकले. निकेशने भंगारवाल्याचा नंबर पाठवला.

मी जासईच्या एका कंटेनर यार्डात तीस वर्षे थंड कंटेनरांचे तापमान नोंदवले आहे. कोळंबी, द्राक्षे, औषधे. माझ्या पाळीत एक पेटी नासली नाही. शिवाय कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवले होते की चुका एकेक करून कबूल कराव्यात, घाऊक नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, अर्धा तास उड्डाण, वहीत आकडा. धूळ काढली, एक्याण्णव. बाजूचा पत्रा उघडा ठेवला, अठ्ठ्याऐंशी. पत्रा परत लावला. मग निशाने, म्हणजे निकेशच्या धाकट्या बहिणीने, वरचे कार्ड खाली आणि खालचे वर बसवले. कालपर्यंत शांत असलेले कार्ड वर जाताच एक्याण्णववर पोचले, आणि "मेलेले" कार्ड खाली जाऊन शहाण्यासारखे वागू लागले.

निशा म्हणाली, "आत्या, कार्डाला काही झालेलं नाही. जागा वाईट आहे."

हे मला पहिल्या दिवशी कळायला हवे होते. यार्डात दोन थंड कंटेनर एकमेकांच्या तोंडाशी लावले की एकाची गरम हवा दुसरा ओढतो आणि दुसरा नासतो. त्यासाठी मी क्रेनवाल्यांना इंग्रजीतून झापले आहे. इथे तेच चालले होते, खालच्या कार्डाची गरम हवा वरचे कार्ड ओढत होते. मागचा पंखा दुकानदाराने उलटा लावला होता, हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ओढणारा. आम्ही तो फिरवला आणि खालचे कार्ड एक खाच आणखी खाली नेले. चौऱ्याऐंशी.

उरलेला दोष माझा. तो लिहिते, कारण इतरांचे लिहिले आहेत. किमती वस्तू शोकेसमध्ये ठेवायची ही आमच्या घरची रीत. मी सुताराकडून कॉम्प्युटरसाठी काचेची दारे असलेले शोकेस करून घेतले. वर भामा वहिनींनी, काशिरामदादांच्या पत्नींनी, दोन महिने खपून पांढरे क्रोशाचे कव्हर विणले. त्या आल्या की म्हणायच्या, "वन्सं, धूल बसंल, झाकून ठेवा." त्यांचे मन मोडू नये म्हणून मी यंत्र चालू असतानाही ते झाकलेले ठेवले. तीस वर्षांचा अनुभव मी एका कव्हरापुढे गुंडाळून ठेवला.

कव्हर काढले, यंत्र शोकेसमधून टेबलावर आणले. दोन तास उड्डाण, सुखरूप उतरणे, वरचे कार्ड एकाहत्तर. निकेशने लिहिलेला आकडा शेवटी कुठेतरी बरोबर ठरला.

३. नवीन पनवेलचा माझा फ्लॅट, आतील सामानासह, मी निशाला देते. तिने माझे कागद कधी मागितले नाहीत. एकदाच काही मागितले, तो टॉर्च होता. फ्लॅट तिने विकावा, त्यात राहावे किंवा तो भाड्याने द्यावा. भावाला विचारण्याची गरज नाही.

४. कॉम्प्युटर, दोन्ही कार्डांसह, निशालाच. टेबलावरच ठेवावा. शोकेसची दारे काढून त्यात डाळी ठेवाव्यात.

५. बँकेतील ठेवींचे व्याज भामा वहिनींना त्या हयात असेपर्यंत मिळावे, नंतर ठेवी निशाच्या. मुलाच्या बोलण्याचा दोष मी आईवर टाकत नाही. त्या दिवशी पंगतीत फक्त त्यांनीच मान खाली घातली होती.

६. निकेशला मी माझी तापमानाची वही देते. त्याने विचुंब्याला दोन इमारती इतक्या चिकटून बांधल्या आहेत की एकीच्या एसीची गरम हवा दुसरीच्या स्वयंपाकघरात शिरते. तिथल्या बायका मला बाजारात थांबवून सांगतात. तिसरीचा पाया खणण्याआधी त्याने पान चौदा, म्हणजे कार्डांच्या अदलाबदलीचे पान, वाचावे. समजले नाही तर बहिणीला विचारावे. त्याने हे मृत्युपत्र कोर्टात नेले, तर न्यायाधीशांनीही कृपया पान चौदाच बघावे.

७. स्क्रूड्रायव्हरचा संच जीवन यांना हवा होता. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून तोही निशाकडे. जीवन यांनी मागून न्यावा, परत करावा.

८. क्रोशाचे कव्हर मी धुऊन कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आहे. मी गेल्यावर भामा वहिनींनी ते स्वतःच्या हातांनी माझ्या अंगावर घालावे, तोंडासकट. तेव्हा मला हवेची गरज नसेल, आणि त्यांचे दोन महिने वाया जाणार नाहीत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे मत बदललेच, तर तारीख घालून तेही लिहीन. अंमलबजावणी ॲडव्होकेट इरा मोकल यांनी करावी.

सही: रोहिणी बळीराम घरत

आम्हा दोघांसमोर त्यांनी हे मोठ्याने वाचून सही केली, आणि आमच्या सह्या होईपर्यंत चहा दिला नाही.

साक्षीदार १: जीवन पांडुरंग कडू, निवृत्त वीजतंत्री, जासई
साक्षीदार २: डॉ. शोभा अंकुश भगत, नवीन पनवेल

ठिकाण: पनवेल
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५