ओल्या फडक्याने पुसलेलं कपाट

ती. आईस,
लांबूनच पाया पडते. माझी तब्येत बरी आहे, खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? दादा दवाखान्यात नेतो ना?

इथे प्रशिक्षण केंद्रात वीस नवे पोलीस माझ्याकडे घरफोडीचा तपास शिकतायत. गेल्या आठवड्यात त्यांना पहिल्यांदाच चोरी झालेल्या घरी नेलं. तुझ्याच वयाच्या एक निवृत्त नर्सबाई तिथे एकट्या राहतात. आम्ही पोचेपर्यंत बाईंनी फरशी पुसली होती, फोडलेलं कपाटही ओल्या फडक्याने लख्ख केलं होतं. "तुम्ही येणार म्हणून आवरलं," म्हणाल्या. बोटांचे ठसे कसे उचलायचे हे मी तीन आठवडे शिकवत होते. उचलायला एकही उरला नव्हता.

दागिन्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. जुना मोबाईल चोरीला गेला, त्यात वारलेल्या नवऱ्याचा आवाज होता.

"तेवढा मिळेल ना?"

मी म्हटलं, "मिळेल." पोरं माझ्याकडे बघत राहिली. ठसे नसले की वस्तू सहसा सापडत नाही, हे मीच त्यांना शिकवलंय.

तेव्हापासून बाई रोज सकाळी फोन करायच्या. केंद्राचा टेलिफोन ऑपरेटर सांगायचा, मॅडम वर्गात आहेत. मी त्याच्या शेजारीच उभी असायचे.

दादाला यातलं काही सांगू नकोस. मागच्या दाराला कडी लावत जा.

आज बाईंचा फोन आला नाही. आई, मला हायसं वाटलं गं.

तुझी,
धाकटी