सोयगावला मागणी नाही

छत्रपती संभाजीनगर,
४ जुलै २०२५

ती. आत्यास,
विशाखाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

या स्नायू थकवणाऱ्या आजारामुळे डॉक्टरांनी तुला फोनवर बोलायची बंदी केली आणि मोबाइलवरची अक्षरं तुला दोन-दोन दिसतात, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. शाळेत माझी वही बघून तू म्हणायचीस, कोंबडी शाईत पाय बुडवून चालली. आता बघ आणि सांग.

बातमी अशी की आमच्या औषधांच्या एजन्सीत मी बसवलेलं सॉफ्टवेअर चांगलं चालायला लागलंय. कुठल्या गावच्या मेडिकलला कुठलं औषध किती लागेल हे ते मागच्या विक्रीवरून स्वतःच शिकतं आणि तेवढाच माल गाडीत चढतो. पूर्वी करमाडच्या गोदामात मुदत संपलेल्या औषधांचे खोके साचायचे, ते जवळजवळ बंद झाले. मालक तात्यासाहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझं नाव घेतलं. तेव्हा पहिली तूच डोळ्यांपुढे आलीस. वडील गेल्यावर शिलाई मशीन चालवून तू आम्हा भावंडांना, मला आणि अभयला, शिकवलंस, म्हणून मी त्या खुर्चीवर बसले.

संध्याकाळी पापण्या अजून मिटतात का? गोळ्या वेळेवर घेतेस ना? खरं लिही. मामांना जयभीम. भेट नाही म्हणून माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
विशाखा


सोयगाव,
२१ जुलै २०२५

चि. विशाखास,
अ. उ. आ.

तुझ्या मामांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. कोंबडी आता सरळ चालती. तुझ्या साहेबांनी तुझं नाव घेतलं हे मी शेजारच्या उजमाला सांगितलं, तिनं गल्लीभर केलं.

एक गोष्ट लिहू का नको, असं चाललं होतं. माझी गोळी इथं मिळंना. उन्हाळ्यात वरूनच तुटवडा होता, तवा मेडिकलवाले अझहरभाई म्हणाले थोडं थांबा. आता तुटवडा सरला म्हणतात, तरी त्यांच्याकडं येत नाय. ते मागणी टाकतात, तर उलट निरोप येतो की सोयगावला या मालाला मागणी नाय. अगं, मी काय मेले व्हय? तुझे मामा सिल्लोडला जाऊन आले, तिथंबी तीच गत.

होत्या त्या गोळ्या मी अर्ध्या करून घेते. सकाळी गोळी लागू झाली की जरा हात चालतो, तेवढ्यात हे लिहिते. दुपारनंतर मान धरवत नाय. डावी पापणी चिकटपट्टीनं वर चिकटवते, मामा म्हणतात फौजदार दिसतेस. भाकरी सुटली, पेज घेते. काल पाणी पिताना नाकातून आलं. आता निजायचंच भ्या वाटतं. झोपेत श्वास घ्यायचा विसरले तर कोण याद देईल?

तुला त्रास नको म्हणून लिहीत नव्हते. पण तुझ्या ऑफिसात औषधंच असतात ना? जमलं तर बघ. अभयला सांगू नको, तो कामधंदा सोडून गाडी काढील. दोघं भांडू नका, जेवत जा.

तुझी आत्या,
मनकर्णा


छत्रपती संभाजीनगर,
२५ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यातच वाचलं. इतके दिवस मला का नाही कळवलंस? गोळ्यांचं पाकीट आत्ताच सोयगावच्या एसटीत कंडक्टरच्या हातात देतेय. मामांनाही फोन केलाय, पाकिटाबरोबर हे पत्रही ते घेतील. अर्धी नको, डॉक्टरांनी सांगितली तशीच घे. आणि गिळता आली नाही तर वाट बघत बसू नका, जीप करून थेट इकडे या. हात जोडते.

आता जे सांगायचं ते सांगते. अझहरभाईंना तो निरोप कुणा माणसानं दिलेला नाही. तो माझ्या सॉफ्टवेअरनं दिला. उन्हाळ्यात माल नव्हता म्हणून गोळी विकली गेली नाही. विकली गेली नाही म्हणून ते शिकलं की सोयगावात ती कुणाला लागत नाही. मग त्यानं पाठवली नाही, आणि पाठवली नाही म्हणून पुन्हा विकली गेली नाही. माल नव्हता की गिऱ्हाईक नव्हतं, यातला फरक मी त्याला शिकवलाच नाही. अझहरभाई मागत राहिले आणि ते त्यांची मागणी चुकीची समजून बाजूला टाकत राहिलं. त्याचंच मी तुला कौतुक लिहिलं होतं.

तात्यासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, आत्याला हव्या तेवढ्या गोळ्या ने, पण एका पेशंटसाठी चालता धंदा थांबवता येणार नाही. मला राग यायला हवा होता, पण नुसती भीती वाटली. आत्या, बाकी काही मागत नाही. श्वास घेत राहा.

तुझी,
विशाखा


घाटी दवाखाना, छत्रपती संभाजीनगर,
३१ जुलै २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

सिस्टर म्हणाल्या तुला शुद्ध आहे, ऐकू येतं, पण घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही. आत एकालाच सोडतात आणि मामा तुझ्या उशाशी आहेत. म्हणून हे लिहून पाठवते, ते वाचून दाखवतील.

तुला आठवत नसेल. गोळ्या पोचल्या, पण तोवर तुला गिळताच येईना. पाणी छातीत उतरलं. सिल्लोडला ऑक्सिजन लावून पुढे धाडलं. फुलंब्रीच्या पुढे तुझे ओठ निळे पडले, तेव्हा मामा जीपमध्ये तुझी हनुवटी वर धरून तुझ्या नावानं हाका मारत होते. त्यांचा घसा अजून बसलेला आहे.

अभयला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, जिनं तुला शिकवलं तिलाच तू हिशेबातून काढून टाकलंस. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र माझ्या शेजारी बाकावर ठेवून जातो.

डॉक्टर म्हणतात, मशीन श्वास देतंय तोवर त्याच्याशी झगडू नको, अंग सैल सोड. मी या बाकावर बसून कुणाकुणाला विनवतेय ते मला माहीत. आत्या, मला माफ कर. नाही केलंस तरी बरी हो, आणि मग तोंडावर शिव्या दे.

तुझी,
विशा


घाटी, १ ऑगस्ट

विशा,
अक्षर वाकडं हाय. घसा लई दुखतो.
अझहरभाईकडं हीच गोळी घेणारी अजून एक बाई हाय. भागूबाई, पलीकडच्या वाडीची. दुकानात भेटायची. तिला कोण बघतंय?
माझ्यापाशी बसू नको. जा.
आत्या


छत्रपती संभाजीनगर,
६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

नळी काढल्याचं मामांनी सांगितलं. मी दवाखान्यात येऊनही दारातून परत फिरले, कारण हे तुझ्या तोंडाकडे बघून सांगता आलं नसतं.

तुझी चिठ्ठी वाचून अभयनं लगेच गाडी काढली. अझहरभाईंनी घर दाखवलं. भागूबाई आषाढातच गेल्या. त्यांची सून सारजाबाई घरी होती. ती सांगत होती की सासू शहरातून कसल्या तरी गोळ्या लिहून आणायची, पण नेमका आजार घरात कुणाला समजलेला नव्हता. शेवटी शेवटी त्या जेवेनात, बोलेनात. सून समोर आली की डोळे मिटून मान टाकायच्या. दोघींचं त्याआधी भांडण झालं होतं. सारजाबाई म्हणाली, माझ्यावर रुसल्या आणि रुसूनच गेल्या.

आत्या, मला सगळं कळत होतं. मी तिच्या हातचं पाणी प्यायले, औषधांच्या एजन्सीतून चौकशीला आले असं सांगितलं आणि उठले.

तात्यासाहेबांना सांगितलं. त्यांनी ज्या औषधांवर जीव टांगलेला असतो, त्यांचा निर्णय सॉफ्टवेअरकडून काढून घेतला. आता जिथं जिथं मागणी नाही असं आलंय, त्या प्रत्येक मेडिकलला आम्ही फोन करून विचारतोय. लासूर स्टेशनला एक गृहस्थ सापडले, फिटच्या गोळीसाठी दुकानं पालथी घालत होते. त्यांना पोचली. पण साहेबांनी बजावलं की त्या बाईचं नाव ऑफिसबाहेर जाता कामा नये. मी हो म्हटलं.

मला माफ करशील का?

विशाखा


सोयगाव,
२८ ऑगस्ट २०२५

चि. विशाखास,
अ. उ. आ.

घरी आले. मऊ भात गिळते, उजमा खिमटी करून आणती. बोलणं अजून नाकातूनच येतं, मामा म्हणतात निदान आता तू मला ओरडू शकत नायस.

तू माफी मागतेस. मी जिवंत हाय, माझ्याकडनं माफी मिळणं सोपं हाय. ती घेऊन तुझं समाधान व्हायचं नाय.

मला पापणी उचलता येत नव्हती, तवा तुझे मामा समोर बसून विचारायचे, ऐकतेस का. मी ऐकत होते, पण त्यांना दिसत नव्हतं. भागूबाईचं तसंच झालं असंल. आणि ती पोरगी समजती की सासू रुसून गेली. जन्मभर समजंल. ते तिचं ओझं नाय, विशा. तू तिच्या घरचं पाणी पिऊन उठलीस, याचा मला माझ्या आजारापरीस जास्त त्रास झाला.

जा, खरं सांग. नोकरी गेली तर जाऊ दे, माझं शिलाई मशीन अजून घरात हाय. पण आपणहून सोडू नको. तुझ्या जागी दुसरा बसंल, त्याला सोयगावात कोण राहतं हे कुठं ठाऊक?

रागावले म्हणून परकी समजू नको.

तुझी आत्या,
मनकर्णा


छत्रपती संभाजीनगर,
८ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल वाडीला जाऊन आले. अभय बरोबर होता.

सारजाबाई ओट्यावर मूग निवडत होती. मी कोण, काय काम करते, गोळी का आली नाही, सगळं सांगितलं. तुझंही सांगितलं. तिचा नवरा उठून अंगावर आला आणि निघून जा म्हणाला. मी निघाले असते. पण तिनं त्याला हातानं थांबवलं. शिवी दिली नाही, एजन्सीचं नावसुद्धा विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं की म्हणजे सासूबाई माझ्यावर रुसल्या नव्हत्या का. मी म्हटलं, नाही, त्यांना पापणी उचलता येत नव्हती. घास गिळता येत नव्हता.

मग ती जमिनीवर हात आपटून रडली. ताट पुढ्यात सरकवून ती शेतात निघून जायची, भूक लागली की जेवतील म्हणून. एकदा दारातून वळून बघितलं तेव्हा त्यांचा एक डोळा अर्धा उघडा होता. तिला वाटलं डोळे वटारतायत. ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती की तेव्हा त्या मला बोलावत असतील का. आत्या, मी काय सांगू? मला माहीत नाही, एवढंच म्हणाले.

निघताना तिनं माझं मनगट धरलं. तिनं सासूला उपाशी मारलं असं वाडीत बोलतात म्हणे. तिनं शेजारच्या बायकांना हाका मारून अंगणात बसवलं आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मी उभी राहून सांगितलं, माझ्या नावासकट.

उद्या तात्यासाहेबांना सांगणार आहे की मी जाऊन आले. तुझा लोभ मागायचा आज धीर नाही, देशील तेवढा पदरात घेईन.

तुझी,
विशाखा