चतुराबाईचे घरचे

११ जून १९३७
उद्या अकोल्याला जायचं! मुंबईची एक नवी ग्रामोफोन-तबकडी कंपनी तिथं भाड्याच्या खोलीत यंत्र मांडून बसली आहे. त्यांचे एजंट बबनराव म्हणाले, एक तबकडी घेऊ. एकच. जुन्या कंपनीनं मला काढलं तेव्हा काय म्हणाले — "जगदेवराव, तुमचा आवाज आता चालत नाही." चालत नाही! वाशीमला येऊन ऐका म्हणावं. या तबकडीनं माझं नाव पुन्हा दुकानादुकानात दिसलं पाहिजे. नाहीतर आहेच लोकांच्या लग्नात पेटी वाजवणं.

चतुराबाई सोबत येते म्हणते. तिची बहीण आहे तिकडे. या बायकोचं एक — कुठंही जायचं म्हटलं की हिची बहीण तिथं असतेच!

१३ जून
वैताग! भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, घामानं पेटीवरून बोटं निसटतात. पहिल्या बाजूचं भजन कसंबसं झालं. दुसरीला भीमपलास धरला. आलाप नुकता रंगत होता नि तांबडा दिवा लागला — तीन मिनिटं संपली! चिजेचे शब्द अजून सुरूच व्हायचे होते. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. आवाज कोरायची दोन मेणं बाद. बबनराव कपाळाला हात लावून बसले. "आता एकच मेण उरलंय. बाई, तुम्हाला येतं का काही छोटंसं?"

चतुराबाई कोपऱ्यात बसली होती. मला विचारलंसुद्धा नाही. भुलाबाईचं गाणं म्हणून मोकळी! पेटी मी धरली, तबला माझ्या नेहमीच्या दिलावरनं. एका दमात झालं.

माझ्या भजनाच्या पाठीवर पोरीसोरींचं गाणं! इतका संताप आला की दिलावरला ओढत तडक चहाला निघून गेलो.

११ सप्टेंबर
तबकडी आली. फय्याजच्या तबकड्यांच्या दुकानात धावत गेलो. एका बाजूला छापलंय — सौ. चतुराबाई, वाशीम. उलटून पाहिलं. गायक — चतुराबाईचे घरचे.

घरचे!!

घरी येऊन विचारलं. आम्ही चहा पीत होतो तेव्हा कंपनीचा कारकून नावं लिहून घ्यायला आला म्हणे.

"त्यानं इचारलं, भजन कोनं म्हतलं? मी सांगतलं, आमच्या घरच्यायनं. तो म्हने, नाव सांगा. आता नवऱ्याचं नाव कसं घेऊ मी, परक्या मानसापुढं?"

"अगं, मग थांबवायचं त्याला!"

"तुमी काहून गेले चाय प्याले?"



२४ सप्टेंबर
भुलाबाई बसल्या. आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणत फिरणार, आणि फय्याजच्या ओट्यावर तर जत्राच. "उस्ताद, काल मेडशीहून बाया गाडी जोडून आल्या. पुन्यांदा लाव, पुन्यांदा लाव! मह्या ग्रामोफोनच्या सुया संपून राह्यल्या!"

आणि माझी बाजू?

"थे बी लावतो नं... कधी कधी."

कधी कधी!

४ ऑक्टोबर
आज भर बाजारात कुणीतरी हाक मारली — "ओ घरचे!"

२५ ऑक्टोबर
बबनराव स्वतः आले. मी धुतलेला सदरा घातला. दोन चिजा तीन मिनिटांत बसवून ठेवल्या होत्या. चहा झाला, कंपनी खूश आहे म्हणाले. पुढच्या महिन्यात मुंबईला या. पाळणा घेऊ, जात्यावरच्या ओव्या घेऊ. मी म्हटलं, आणि मी काय म्हणायचं? "पेटीवाला तिथं आहे आमचा."

चतुराबाई दारातून म्हणाली, "मी एकली नाई येत. ह्यायलेबी गाऊ द्या, तईच येईन."

बबनरावांनी निघायला टोपी उचलली. माझं अंग नुसतं जळत होतं. आणि तोंडातून निघून गेलं — "येईल ती." का म्हणालो, देव जाणे!

१४ नोव्हेंबर
चतुराबाईला गाडीत बसवलं. सोबत तिचा भाऊ आहे. येताना फय्याजकडे थांबलो, म्हटलं माझी बाजू लाव. इतके दिवस रागानं ऐकलीच नव्हती.

पहिल्या ओळीलाच सूर हलतो. वर चढताना तर फाटतोच. फय्याज सुया शोधायला म्हणून आत गेला तो बाहेर येईना.

आवाज गेलाय माझा. चतुराबाईला कधीचं माहीत असणार — रोज घरात ऐकते ती! एका शब्दानं बोलली नाही.